गादीवाफे

कुजलेली फळी त्याने पहारीने उचकटली आणि नेमकं तेव्हाच बायकोचं वाक्य त्याच्या कानावर पडलं. फळी हातात तशीच राहिली. बायको अंगणात वॉकर धरून चालत होती. तिच्या खुब्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते आणि आठवड्यातून तीनदा येणारी फिजिओथेरपिस्ट बाई एक पाऊल मागे राहून, तोल गेलाच तर धरायच्या बेतात हात पुढे करून, तिला पायरीपासून कुंपणापर्यंत नेऊन परत आणत होती. बाई चाळिशीची, अखंड बोलणारी. दुखण्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून पेशंटला सतत काहीबाही विचारत राहायची; मुलं किती, नोकरी कुठे होती, झोप लागते का. आज तिने विचारलं, "हे वाफे कुणी बांधले हो? चांगले दणकट दिसतायत." "मीच की," बायको म्हणाली. "ज्या वर्षी बियाणे केंद्रात मला नापास केलं ना, त्या वर्षी. म्हटलं, तिकडची माती नशिबात नाही तर नाही, घरची तर आहे!" आणि ती हसली. फिजिओही हसली. "मग काय, त्यांचं नुकसान आणि अंगणाचा फायदा," असं काहीतरी ती म्हणाली, आणि दोघी वळून हळूहळू पायरीकडे निघाल्या.

तो वाफ्याच्या आत, घोट्यापर्यंत मातीत उभा होता. थंडी सरत आली होती, पण सावलीतली माती अजून गार होती आणि तो गारवा बुटाच्या तळातून वर चढत होता. बायकोने त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. त्याला ऐकवावं म्हणून ती बोललीच नव्हती; बोलता बोलता बोलून गेली होती, शाळेतली एखादी जुनी फजिती सांगावी तशी. एकोणतीस वर्षांनी ती त्या गोष्टीवर हसू शकत होती. त्याला वाटलं, आपण आता हातातली फळी खाली ठेवायला हवी. मग वाटलं, ठेवली तर आवाज होईल. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं त्याने पाइपांचे नकाशे काढले होते. खात्यात त्याला सगळे गुण्या म्हणत. गुणी म्हणून नव्हे, सुतार काटकोन बघायला वापरतात त्या लोखंडी गुण्यावरून. नकाशावरची रेघ अर्ध्या मिलिमीटरने सरकली तरी याच्या डोळ्याला टोचायची. कनिष्ठांचे कागद तो लाल पेन्सिलीने रंगवून परत करायचा. सरळ माणूस, नाकासमोर चालणारा, असं निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले होते आणि तेव्हा बायको पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

अंगणातले चार वाफे तिचेच होते. गादीवाफे हा शब्दही घरात तिनेच आणलेला. जमिनीपासून उंच उचललेले, फळ्यांची चौकट असलेले, मऊ मातीने भरलेले. दर वर्षी थंडी संपताना ती ओंडक्यासारखी घट्ट झालेली माती खुरप्याने मोकळी करायची, खत मिसळायची, कडेच्या फळ्या ठोकून बघायची, आणि तो खिडकीतून चहा पीत बघायचा. या वर्षी डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, कमरेतून वाकायचं नाही, निदान सहा महिने. "मग यंदा काही लावायचं नाही," ती म्हणाली होती, आणि ज्या सुरात म्हणाली होती तो ऐकून त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, "मी वाफे उंच करून देतो. तुला वाकावंच लागणार नाही." तिने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं होतं. "तुम्ही?" "का? फळ्या मोजायला मला कुणी शिकवायला नको." त्यानंतर दोन दिवस तो कागदावर चौकटी काढत बसला होता. तीस इंच उंची, तीन फूट रुंदी, म्हणजे दोन्ही बाजूंनी तिचा हात मध्यापर्यंत पोचेल. इतक्या वर्षांत तिच्यासाठी काहीतरी करायला मिळालं याचा त्याला आनंद झाला होता, आणि आज सकाळी शीळ घालत तो अंगणात उतरला होता.

फिजिओ गेली. बायको आत जाऊन पडली. त्याने फळी उन्हात उलटी ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिला. शाळेच्या मोडक्या बाकांची फळी. बायको तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. परीक्षानळ्या धुणं, मुलांसाठी कांद्याच्या पापुद्र्याच्या काचपट्ट्या तयार करणं, स्पिरिटच्या बाटल्यांवर नजर ठेवणं. मोडके बाक भंगारात जाणार होते ते तिने मागून आणले होते. वरच्या फळ्या नंतर दोनदा बदलल्या, खालची ओळ मात्र तीच राहिली. मातीकडची बाजू काळी, भुसभुशीत झाली होती, तरी त्यात कुणीतरी कर्कटकाने कोरलेला भागाकार अजून वाचता येत होता. बाकी उरलेली नव्हती, किंवा असलीच तर ती जागा कुजून गेली होती.

तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. तिला ताप आला होता म्हणून त्याने रजा घेतली होती आणि बायको शाळेत गेली होती. घरात फोन येऊन तीनच महिने झाले होते. तो वाजला की मुलगी उडी मारायची, पण त्या दिवशी ती ग्लानीत होती आणि घंटी वाजू लागली तशी तिची पापणी नुसती हलली. तिची झोप मोडू नये म्हणून तो धावला. पलीकडून एक वयस्कर माणूस बोलत होता, मध्ये मध्ये खोकत. बियाणे संशोधन केंद्रातून. "आम्ही पाठवलेलं पत्र परत आलंय हो. घरनंबर चुकला असावा. तुमच्या मिसेसची निवड झालीय. पहिल्या आल्यात त्या." मग खोकला. "येत्या गुरुवारी, अकराच्या आत, रुजू व्हायला सांगा. माफ करा, त्यानंतर मला थांबता येणार नाही, पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागेल. सांगाल ना?" त्याने शेजारच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून घेतलं, गुरुवार, अकरा. अक्षर नेहमीसारखं नेटकं आलं. "सांगतो," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने मुलीच्या कपाळावरची घडी बदलली. बियाणे केंद्र गाडीने एक दिवस आणि एक रात्र लांब होतं. पहिली दोन वर्षं तिथल्याच वसतिगृहात राहायचं होतं, हे अर्ज करतानाच ठरलेलं होतं, आणि अर्ज करताना तो "कर की" म्हणाला होता, कारण अशा ठिकाणी कोण कुणाला घेतं! कपाळ तापलेलं होतं. घडी लगेच कोमट झाली. त्याने ती पुन्हा भिजवली.

त्या संध्याकाळी तो सांगणारच होता. हे त्याने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते खरं होतं की नाही हेही त्याला नीट आठवेना. बायको दमून आली, आल्या आल्या मुलीजवळ बसली, रात्रभर बसून राहिली. आज नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण मग त्याला वाटलं, आत्ता सांगितलं तर ती म्हणेल काल का नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिचा पगार आपल्या दीडपट होईल हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्या लाजेनेच तो गप्प बसला. वर्तमानपत्र रद्दीच्या गठ्ठ्यात गेलं. त्याने टाकलं नाही, गठ्ठ्यात होतं ते त्याने काढलं नाही. गुरुवारी तो ऑफिसात भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले, शेजारच्या टेबलावरचा माणूस पेन्सिलीला टोक करत राहिला, आणि त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. सुंठीवाचून खोकला गेला. अगदी हीच म्हण त्याला तेव्हा आठवली होती, आणि ती आठवताच फोनवरचा तो खोकणारा माणूसही आठवला होता, आणि त्याने फूटपट्टी उचलून नको तिथे एक रेघ मारली होती.

पुढचे पाच आठवडे बायको पोस्टमनची वाट बघत होती. शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, "काही आलं?" तो म्हणायचा, "नाही." पत्र आलं नव्हतंच. त्या पाच आठवड्यांत तो एकही शब्द खोटं बोलला नव्हता, आणि हे त्याने मनाशी मोजून ठेवलं होतं. शेवटी तिने स्वतःच केंद्राला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते छापील कार्डावर, कुणा कारकुनाच्या सहीचं: सदर पद भरण्यात आले आहे. तिने ते कार्ड दोनदा वाचलं, भाजीच्या टोपलीखाली सरकवलं आणि कांदा चिरायला घेतला. महिन्याभराने एका रविवारी ती बाकांच्या फळ्या हातगाडीवर लादून आली. कुणाची मदत न घेता तिने पहिली चौकट ठोकली. हातोडी दोनदा बोटावर बसली तरी थांबली नाही. आणि तो, सगळं माहीत असलेला तो, टेप घेऊन बाहेर आला. चौकट खरोखर चौकोनी आहे का हे बघायचं तर दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तर कोपरे काटकोनात. त्याने वाकून मोजले. "दोन इंचांचा फरक आहे," तो म्हणाला. "काटकोन चुकलाय तुझा." ती हातात हातोडी धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "टोमॅटोला काटकोन लागत नाही." तो हसला होता. ऑफिसात जाऊन त्याने तो विनोद सांगितलाही होता.

फळी उचकटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने चारही वाफ्यांची माती उपसून ताडपत्रीवर घेतली. मातीत जुनी मुळं होती, धाग्यांच्या गुंत्यासारखी, आणि फावड्याच्या पात्याखाली आलेली गांडुळं. ती आली की तो थांबायचा, बोटांनी उचलून बाजूला ठेवायचा. नव्या फळ्या करकरीत होत्या, त्यांना लाकडाचा ताजा वास होता. खांब रोवले, सुतळी ताणली, लेव्हल लावली, कर्ण मोजले. चारही चौकटींत केसाचा फरक नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अचूक मोजमापाची किळस आली. बायको पायरीवर खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर जुना टॉवेल, त्यात मातीची ढेकळं, आणि ती एकेक ढेकूळ अंगठ्याने फोडत होती. मधूनच सूचना. "तळाला पुठ्ठे घाला आधी, तण येत नाही." "वाळका पाला दाबू नका हो, हवा राहू दे त्यात." "खत वरच्या सहा इंचांत, खाली घालून काय उपयोग?" तो मुकाट्याने करत होता. ती खुशीत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार होती. त्याला आठवलं, मध्ये बारा वर्षं गेल्यावर एकदा मुख्याध्यापिका घरी आल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या शिक्षिकेची जागा निघाली होती, एक साधी परीक्षा द्यायची होती. "तुझ्याइतकं कुणाला येतं? नुसता अर्ज कर," त्या म्हणाल्या होत्या. आणि बायको म्हणाली होती, "नको बाई. एकदा नापास झाले तेवढं पुरे. आपली पात्रता आपल्याला कळलेली बरी." तो तिथेच होता. बिस्किटांची बशी घेऊन उभा होता. बशी त्याने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चहात साखर कमी नाही ना झाली?" पहिल्यांदा तो घाबरून गप्प बसला होता, असं तो स्वतःला समजावू शकत होता. त्या दिवशी कसली भीती होती? मुलगी सोळा वर्षांची झाली होती, घर नीट चाललं होतं. त्या दिवशी तो केवळ सवयीने गप्प बसला, तोंडात मिठाची गुळणी धरून, आणि बायको निवृत्त होईपर्यंत परीक्षानळ्या धूत राहिली.

"बरं नाही का वाटत?" तिने पायरीवरून विचारलं. "काल दुपारपासून तोंड उतरलंय तुमचं. उद्या एखादा माणूस लावू या का मातीला?" "नाही, मी करतो," तो म्हणाला. "कंबर धरेल." "धरू दे."

तिसऱ्या दिवशी माती भरायची होती. तो टोपल्या भरभरून ओतत होता आणि ती, वॉकर बाजूला लावून, पहिल्या वाफ्याच्या काठाशी उभी राहून हाताने सपाट करत होती. उंची बरोबर आली होती. तिचे तळवे सहज काठावर टेकत होते. "अहो, हे किती छान झालंय," ती म्हणाली. "तेव्हाच असं बांधलं असतं तर खुबा वाचला असता माझा." चेष्टेत म्हणाली. त्याने टोपली खाली ठेवली. त्याला वाटत होतं की सांगायची वेळ आपण निवडू, ती जेवल्यावर, बसलेली असताना, गोळी घेतल्यावर. पण शब्द निघाले ते तसेच, मातीच्या हातांनी.

"तुला नापास नव्हतं केलं."

"काय?"

"बियाणे केंद्रात. तुझी निवड झाली होती. पहिली आली होतीस तू." "फोन आला होता. मी घेतला. गुरुवारी बोलावलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

तिचे हात मातीत होते ते तिथेच राहिले. कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून एक बाई ढकलगाडीत मूल घेऊन गेली, चाकाचा कुईकुई आवाज येत गेला आणि बंद झाला. 

"कुठल्या दिवशी?" तिने विचारलं.

"सोमवारी. पोरीला ताप होता. तू शाळेत होतीस."

"कोण बोललं?"

"नाव नाही सांगितलं. म्हातारा माणूस होता कुणीतरी. सारखा खोकत होता."

"खोकत होता?" तिने हात मातीतून बाहेर काढले आणि वाफ्याचा काठ धरला. "म्हणजे स्वतः केंद्राचे प्रमुख. स्वतः फोन केला त्यांनी?" ती त्याच्याकडे बघत नव्हती. "निवडीच्या प्रात्यक्षिकाला तेच होते, असेच खोकत. मी उगवत्या वाटाण्याची आकृती काढली, तर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, बाई, मी चाळीस वर्षं बघतोय हे, पण तुमच्या चित्रात ते हलतंय. म्हणाले, तुम्ही याल इथे. मी इतकी वर्षं त्या माणसाला खोटारडा समजले. तोंडावर गोड बोलला आणि आपल्या माणसाला जागा दिली, असं समजले." 

"अगं..."

"प्रदर्शनात भेटले होते मला. भाज्यांचं प्रदर्शन भरलं होतं ना, पोरगी अकरा-बारा वर्षांची असताना. लांबून ओळखलं त्यांनी. गर्दीतून काठी टेकत टेकत आले. म्हणाले, बाई, तुम्ही का आला नाहीत? आणि मला वाटलं, चिडवतोय. जखमेवर मीठ चोळतोय. मी तोंड फिरवलं आणि चालू लागले. त्यांनी दोनदा हाक मारली मला."

हे तिने कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे गप्प बसणारा तो एकटा नव्हता. पण तिचं गप्प बसणंही त्याच्याच गप्प बसण्यातून आलेलं होतं. तो काही बोलणार तेवढ्यात तिने विचारलं, "का?" अगदी साध्या आवाजात, हे झाकण कुठल्या डब्याचं असं विचारावं तशा.

त्याच्याकडे कारणं होती. मुलगी लहान होती, वसतिगृह, एक दिवस-एक रात्र, ऑफिस. दोन दिवस तो फावड्याबरोबर ती वर-खाली करत होता. आता त्यातलं एकही तोंडात धरवेना. "भीती वाटली," तो म्हणाला.

"कशाची?"

"तू परत येणार नाहीस याची."

"आले असते," ती म्हणाली. "पोरगी इथे होती." मग काठावरची माती झटकत, जवळजवळ स्वतःशीच, "तुम्ही होतात."

तिने वॉकर ओढून घेतला आणि घराकडे वळली. तो धरायला पुढे झाला तर तिने मान हलवली, नाही. पायरी चढायला तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. तो चार हात अंतरावर उभा राहून बघत होता, कारण बघू नये म्हटलं तरी ती पडली असती तर धरायला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. 

दुपार गेली. आतून फोनवर बोलण्याचा आवाज येत होता, मुलीशी बोलत असावी. मुलगी दुसऱ्या शहरात होती, कॉम्प्युटरवर काम करायची. शब्द कळत नव्हते. तो उरलेल्या टोपल्या भरत राहिला. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. संध्याकाळी तो आत गेला तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसलेली होती. ऑपरेशननंतर तिचे पाय तिच्या हाताला लागत नव्हते. मोजे घालणं, काढणं त्याच्याकडे होतं. रोज हे होताना ती काहीतरी बोलायची, टाचेला भेगा पडल्यात म्हणायची, गुदगुल्या झाल्या म्हणून पाय ओढून घ्यायची. आज तिने पाय पुढे केला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. त्याने जमिनीवर बसून डावा मोजा काढला, मग उजवा. पाय गार होते. नखांत अजून मातीची काळी रेघ असलेले त्याचे हात त्या गोऱ्या, सुजलेल्या घोट्यांवर त्याला परक्याचे वाटले. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी हे पाय केंद्राच्या पायऱ्या चढले असते. कुठेकुठे गेले असते. आणि आता ते त्याच्या मांडीवर होते, कारण ते दुसरीकडे कुठे जाऊ शकत नव्हते. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण ते रडणंही तिलाच सांभाळावं लागलं असतं. त्याने मोज्यांची घडी केली आणि उशाशी ठेवली. "दिवा?" त्याने विचारलं. "राहू दे," ती म्हणाली.

सकाळी त्याला जाग आली ती बाहेरच्या दाराच्या आवाजाने. पलंग रिकामा होता. तो धडपडत उठून अंगणात आला. ती दुसऱ्या वाफ्याशी उभी होती. बूट तिने स्वतः घातले होते; फिजिओने दिलेलं, बुटात टाच सरकवायचं लांब दांड्याचं शूहॉर्न इतके दिवस कपाटामागे पडून होतं, ते तिने शोधून काढलं असणार. डाव्या बुटाची टाच आत दुमडली होती आणि ती तिच्यावरच पाय देऊन उभी होती. ऊन नुकतंच फळ्यांवर येत होतं. पहिल्या वाफ्यात सरळ ओळींत बोटांच्या खुणा दिसत होत्या, वर माती लोटलेली, झारीने हलकं पाणी दिलेलं. म्हणजे ती बरीच आधी उठली होती.

"गेले ते," ती म्हणाली. मान वर न करता. "सहा वर्षं झाली. पोरीने शोधून काढलं. केंद्रात त्यांच्या नावाची एक खोली आहे म्हणे, बिया ठेवायची."

तो पायरीच्या कडेला उभा राहिला. क्षमा हा शब्द त्याच्या तोंडात होता, पण त्या शब्दाने तो तिच्याकडे आणखी काहीतरी मागणार होता.

"पोरीला मी काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "जुन्या ओळखीचे होते, एवढंच म्हटलं. रविवारी तिचा फोन येईल तेव्हा तुम्ही सांगा. सगळं. मी शेजारी बसणार नाही."

"सांगतो," तो म्हणाला, आणि त्या दिवशी फोनवरही आपण हाच शब्द म्हटला होता हे त्याला आठवलं. ती क्षणभर थांबली. तिलाही तो शब्द खटकला की काय, तिच्या पाठीवरून कळत नव्हतं. मग तिने पुढची ओळ घेतली. बी टाकायची, माती लोटायची, वॉकर चार बोटं सरकवायचा, पुन्हा बी. तिला काही लागलं तर द्यावं म्हणून तो उभा होता, पण तिला काही लागत नव्हतं. दुसरा वाफा झाला, तिसरा झाला. चौथ्याशी ती गेलीच नाही. तिने एप्रनच्या खिशातून एक न फोडलेलं पाकीट काढलं आणि चौथ्या वाफ्याच्या काठावर ठेवलं.

"तो तुमचा," ती म्हणाली. "मला नाही झेपणार चार. तुमचं तुम्ही लावा, तुमचं तुम्ही बघा."

त्याने पाकीट उचललं. त्यावर गाजराचं चित्र होतं. पाकीट हलवलं तर आत वाळूसारखं काहीतरी सरकलं. इतकं बारीक बी असतं हे त्याला माहीत नव्हतं. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने हाताने एक दाणाही पेरला नव्हता. त्याने वाफ्यातल्या मातीत तर्जनी रोवली, पहिल्या पेरापर्यंत, मग दुसऱ्या, आणि बोट बाहेर काढून त्या भोकाकडे बघत राहिला.

"किती खोल घालायचं?" त्याने विचारलं.

ती तिसऱ्या वाफ्याला पाणी देत होती, पाठमोरी. झारीतलं शेवटचं पाणी तिने ओळीच्या टोकापर्यंत नेलं.

"पाकिटावर लिहिलंय," ती म्हणाली.

त्याने पाकीट उलटं केलं आणि हात लांब करून धरलं. मागच्या बाजूला मुंग्यांसारखी अक्षरं होती, एकही लागेना. चष्मा आत राहिला होता. तो आत गेला, चष्मा घेऊन आला, बाहीला काचा पुसल्या, आणि वाफ्याशी उभा राहून पहिल्या ओळीपासून वाचू लागला.